घंटा कोणी द्यायची?

नमस्कार श्रोतेहो.

आधीच सांगून टाकतो, मी मास्तर नव्हे. शाळेवर भाषण म्हटलं की वाटतं, आता कुणीतरी सर येणार आणि सुविचार सांगणार. मी कारकून. आमच्याकडं शाळेच्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, तेवढाच काय तो मान. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, खानापूर-आटपाडी-जतच्या दुष्काळी पट्ट्यात, एका अनुदानित हायस्कुलात माझी सगळी नोकरी झाली. फळ्यापुढं उभं राहून दिसते ती शाळा वेगळी, आणि जनरल रजिस्टर, कीर्द, पगारपत्रक यांच्यातून दिसते ती वेगळी. मला ही दुसरीच ठाऊक आहे, तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो.

निवृत्त झाल्यावर एकदा पेन्शनच्या कागदासाठी शाळेत गेलो होतो. साडेदहाचा सुमार. आमच्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि त्यावर मारायला एक लोखंडी दांडकं. मी फाटकातून आत शिरतो तोवर मुख्याध्यापिका मॅडम पुढं आल्या, पदर खोचला, दांडकं उचललं आणि घंटा दिली. मग तशाच हातानं ऑफिसचं कुलूप काढलं, माठ रिकामा होता तो बघितला, आठवीच्या दोन पोरांना कळशी घेऊन आडावर पिटाळलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही?" त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, मामा गेल्या जूनला रिटायर झाले. आता घंटा कोणी द्यायची? ज्याला ऑफ तास, त्यानं द्यायची."

मामा म्हणजे आमचा शिपाई. मामांची जागा भरली गेली नाही, आणि आता भरली जाणारही नाही. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय आहे. अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की ते पद संपलं. त्याच्या बदल्यात शाळेला मिळतो शिपाई भत्ता. मुंबई-पुण्यात महिन्याला १०,००० रुपये, इतर शहरांत ७,५००, आणि ग्रामीण भागात ५,०००. पंचवीस दिवस काम धरलं तर आमच्या वाट्याला दिवसाचे २०० रुपये येतात. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ ला दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे शाळेची घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं, संडास धुणं आणि तालुक्याला टपाल पोचवणं हे सगळं मिळून बांधबंदिस्तीच्या कामापेक्षा स्वस्त ठरलं. आणि गावच्या शाळेचं आवार शहरातल्यापेक्षा मोठं असतं, हे दर ठरवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

असो. तर हा पैसा येतो कसा, ते सांगतो.

महाराष्ट्रात सातवी-आठवीपर्यंतचा खेड्यातला मुलगा बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. पुढचं हायस्कूल मात्र सहसा कुठल्या तरी संस्थेचं. मराठवाड्यात तेवढ्या जिल्हा परिषदेच्या प्रशाला ठिकठिकाणी दिसतील, तो निजामाच्या काळातल्या सरकारी शाळांचा वारसा. आमच्याकडं संस्था शाळा काढते आणि सरकार अनुदान देतं. ही पद्धत इंग्रजांची, १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या कागदापासूनची. आता अनुदानित शाळा म्हटलं की लोक समजतात, सरकार शाळा चालवतं. तसं नाही. सरकार शिक्षकांचे पगार देतं. ते 'शालार्थ' प्रणालीतून थेट ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि हे चांगलंच आहे. आमच्या आधीच्या पिढीतले मास्तर एका आकड्यावर सही करायचे आणि हातात दुसराच आकडा पडायचा. ती लुबाडणूक थांबली, शिक्षकांना १९७७ च्या कायद्यानं नोकरीचं संरक्षण मिळालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पगार झाला म्हणजे शाळेचं भागलं, असा जो समज आहे ना, तिथं माझ्या कीर्दवहीचं भांडण आहे.

पगाराशिवाय जे लागतं त्याला वेतनेतर अनुदान म्हणतात. खडू, डस्टर, रजिस्टरं, वीज, प्रयोगशाळेतलं ॲसिड, गळक्या कौलांची डागडुजी, परीक्षेचे कागद, टपाल, आणि आता इंटरनेट. हे अनुदान २००४ साली बंद पडलं. मधली वर्षं शाळांनी कशी काढली ते ज्याचं त्याला ठाऊक. २०१३ पासून पुन्हा सुरू झालं, तेही पाच टक्क्यांनी. आणि पाच टक्के कशाचे? चालू पगाराचे नव्हेत, पाचव्या वेतन आयोगाच्या हिशेबानं. सहावा आयोग आला, सातवा आला, शिक्षकाचा पगार वाढला, माझाही वाढला, मी खोटं कशाला बोलू. खडूची पेटी मात्र पाचव्या आयोगातच राहिली. शिवाय ते पैसे वेळेवर येतील तर शपथ. मार्च उलटला की यायचे आणि मागच्या तारखेची बिलं जुळवा म्हणायचे.

एका पावसाळ्यात आमची वीज तोडली. बिल थकलं होतं. त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की सर्व विद्यार्थ्यांची माहिती अमुक तारखेपर्यंत ऑनलाइन भरावी. मी आणि आमचे सायन्सचे सर, दोघं मोटरसायकलवरून तालुक्याच्या सायबर कॅफेत गेलो आणि रात्री दहापर्यंत माहिती भरत बसलो. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'शाळेत वीज उपलब्ध आहे काय'. सर म्हणाले, "होय लिहा. जोडणी आहे, प्रवाह नाही." मी 'होय' लिहिलं.

श्रोतेहो, ही गंमत म्हणून सांगितली नाही. शाळेतून वर जाणारे बहुतेक आकडे माझ्यासारख्या कारकुनाच्या हातून जातात. त्यात खोटं फार थोडं असतं. पण बरोबर भरलेल्या रकान्याआड शाळा दिसेनाशी होते, एवढं मात्र मी तीस वर्षं बघितलं.

शाळा सोडल्याचा दाखला घ्या. तुमच्या घरी असेल, काढून बघा. त्यात एक ओळ आहे, 'शाळा सोडल्याचे कारण'. तिथं काय लिहिलंय? 'पालकांच्या विनंतीवरून.' प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, कारण पालकांच्या विनंतीवरून. मी हे असं किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. एकदा खिडकीशी एक बाप आला, सोबत नववीतली मुलगी. वाडीवरून चार किलोमीटर चालत यायची. दिवाळी झाली होती, घरचे ऊसतोडीला निघाले होते, आजी वारली होती, मुलीला मागं ठेवायला कुणी नव्हतं. मुलगी खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि माझ्या पेनकडं बघत होती. मी म्हटलं, "परत आल्यावर पाठव की हिला." बाप म्हणाला, "बघू भाऊसाहेब." मी लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. ती परत आली नाही.

नववीच का, ते ऐका. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, आणि तो आठवीला संपतो. शाळेतला भात आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. नववीत गेलं की पोरगं तेच, भूक तीच, आणि कायद्यानं हात काढून घेतलेला. आमच्या शाळेत आठवी आणि नववी एका व्हरांड्यात समोरासमोर. मधल्या सुट्टीत आठवीची पोरं ताटं घेऊन बसायची आणि नववीतली कडेनं नळावर जायची. पुष्कळदा वाढणाऱ्या मावशी डोळा चुकवून त्यांच्याही हातावर घालायच्या. हिशेबात ते बसत नाही, म्हणून मी ते कधी पाहिलं नाही.

मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसगाड्याही आहेत. चांगल्या योजना. माझ्या डोळ्यांदेखत यामुळं मुली दहावीपर्यंत आल्या, हे कबूल केलं पाहिजे. पण २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप झाला तेव्हा कळलं, की आमच्या शाळेचा अर्धा पट त्या एका गाडीवर उभा आहे.

पटाचं आता निघालंच आहे. सगळं तिथं येऊन थांबतं. पट म्हणजे मुलांची संख्या. तीवरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि अलीकडं ज्यांचं आधार जुळलं तीच मुलं मोजतात. बाकावर बसलेला पोरगा हजेरीत आहे, आईबापाला आहे, पण आधारवर त्याच्या नावात एक वेलांटी चुकली असली तर संचमान्यतेला तो नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं निकष आणखी आवळले. वीसच्या खाली गेलं की पदच नाही, यावरून राज्यभर ओरड झाली. शहरात एका तुकडीला चार पोरं कमी झाली तर शेजारची तुकडी त्यात मिसळतात. वाडीवस्तीच्या शाळेत मिसळायला शेजारी आहेच कोण?

आणि आमच्या भागात पट का घसरतो? खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, ज्याला आम्ही गलाई म्हणतो, केरळापासून पंजाबपर्यंत पसरलीत. पूर्वी बाप्ये जायचे, बायकापोरं गावी असायची. आता कुटुंबच जातं. ज्यांना जायला जमत नाही, त्यांच्यातला ज्याला थोडंफार परवडतं तो पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला पोर धाडतो. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यापासून त्या शाळा झपाट्यानं वाढल्या. राहतात ती कुणाची पोरं, ते सांगायला नको. ज्यांना शिक्षक जास्त हवेत त्यांच्याच शाळेतला शिक्षक पटावर बोट ठेवून कमी होतो.

कमी झालेला परत येतानाही सोपं नाही. २ मे २०१२ ला शिक्षकभरतीवर बंदी आली. पुढं ऑनलाइन भरतीचं पवित्र पोर्टल निघालं, वशिला आणि पाकिटं थांबावीत म्हणून. हेतू योग्यच होता, संस्थाचालकांनी ती वेळ आणली होती. पण दरम्यान आमचे गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्या जागेवर पाच वर्षं कुणी आलं नाही. हिंदीच्या बाईंनी बीजगणित घेतलं. बाई घरी आदल्या रात्री स्वतः उदाहरणं सोडवायच्या, अडलं तर पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलाला फोन लावायच्या. त्या पाच वर्षांतले आमचे दहावीचे निकाल विचारा. नव्वदच्या वरच.

आता या निकालाकडं वळू. मे महिना आला की कमानीवर फ्लेक्स लागतो, 'निकालाची उज्ज्वल परंपरा'. तुम्हाला चार आकडे सांगतो, मंडळाचे आहेत. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला ७७.१० टक्के. २०२० ला ९५.३०. म्हणजे महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली? झालं एवढंच होतं, की २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रांतले शाळेनं द्यायचे २० गुण काढून घेतले. ओरड झाली, पुढच्या वर्षी परत दिले. २०२१ ला करोनामुळं परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१०, कोकण ९८.८२ वर सगळ्यात पुढं, नागपूर ९०.७८ वर सगळ्यात मागं. सगळ्यात मागचा विभागही नव्वदच्या वर असेल, तर या मापानं कुठली शाळा आजारी आहे ते कसं ओळखायचं?

दुसरं असं, की निकाल निघतो परीक्षेला बसलेल्यांवर. आठवीत आलेल्यांवर नाही. खिडकीशी उभी राहिलेली ती मुलगी कुठल्याच टक्क्यात नाही. शिवाय नववीच्या शेवटी कच्च्या पोराच्या बापाला हळूच सुचवायचं, की यंदा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. पोरगं बाहेरून बसतं, शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. मी असे फॉर्म भरायला मदत केली आहे. आमच्याच शाळेत. आज इथं बसून दुसऱ्याकडं बोट दाखवणं बरं दिसणार नाही.

'असर' म्हणून मुलांच्या शिकण्याची पाहणी होते, तिचा २०२३ चा अहवाल होता, १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांचा, २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत केलेला. त्यात चारातल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पुस्तकातला मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित निम्म्याहून अधिकांना जमलं नाही. तो अहवाल काही आमच्या तालुक्याचा नव्हे. पण हिंदीच्या बाईंना तो वाचून दाखवला तेव्हा त्या गप्प बसल्या.

कुणी म्हणेल, सरकारकडं काय बघता, लोकवर्गणी काढा. भाऊराव पाटलांनी काढली नव्हती का? काढली ना! कर्मवीरांचं मूळ गाव ऐतवडे, इथंच वाळवा तालुक्यात. १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली. मुष्टिफंड म्हणजे दळायला बसलेल्या बाईनं जात्याशेजारच्या मडक्यात एक मूठ धान्य वसतिगृहासाठी टाकायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर अंगावरचं सोनं दिलं. १९४८ साली भाऊरावांच्या भाषणावरून मुंबई राज्याच्या खेर सरकारनं संस्थेचं अनुदान रोखलं, तेव्हाही लोक उभे राहिले. पण ती गोष्ट लोक अर्धीच सांगतात. ते अनुदान पुढं सुरू करावं लागलं. एवढा मोठा माणूस, एवढी माया करणारी रयत, आणि तरीही नुसत्या मुठीवर हायस्कुलं चालली नाहीत. शिवाय अनुदान म्हणजे काही मेहेरबानी नव्हे. १८८२ ला जोतीराव फुल्यांनी इंग्रजांच्या शिक्षण आयोगापुढं, म्हणजे हंटर आयोगापुढं, हेच मांडलं होतं, की महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्यांसाठी.

आमच्या गलाईवाल्यांचं मन मोठं आहे, हे सांगितलंच पाहिजे. यात्रेला येतात, शाळेत चक्कर टाकतात, जुन्या मास्तरांच्या पाया पडतात. आमच्या शाळेची कमान त्यांनीच दिली, काळ्या ग्रॅनाइटमध्ये नावं कोरली आहेत. पुढं एकानं संगणक दिले, एकानं रंगमंच बांधला. मी एकदा धीर करून एका दात्याला म्हटलं, शेठ, यंदा लाइट बिल भरा की. तो हसला. "भाऊसाहेब, त्याच्यावर आईचं नाव कुठं घालू?" त्याचंही बरोबर आहे. देणगीला कोनशिला लागते, आणि लाइट बिलाला, शिपायाच्या पगाराला, हिंदीच्या बाईंच्या फोनला कोनशिला बसवता येत नाही. तो खर्च दर महिन्याला करावा लागतो आणि कुणाला दिसत नाही. म्हणून तो सरकारनंच करायचा असतो.

हे झालं अनुदानित शाळेचं. आमच्यापलीकडच्या वाडीवर विनाअनुदानित होती. २००१ ला सरकारनं 'कायम विनाअनुदानित', म्हणजे कधीच अनुदान न मागणारी शाळा, असा शब्द आणला, २००९ ला त्यातला 'कायम' खोडला, आणि २०१६ ला वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा आला. तिथले एक सर पहाटे आणि संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर फॅट लावायचे आणि मधल्या वेळात नववीला भूमिती शिकवायचे. वीस, चाळीस, साठ असे टप्पे चढताना त्यांचे केस पांढरे झाले. शिक्षकांचे विधान परिषदेत सात आमदार आहेत, ते निदान आझाद मैदानावर येतात. शिपायाला आणि कारकुनाला त्या निवडणुकीत मत नाही. प्राथमिकच्या मास्तरांनाही नाही.

मला दिलेली वेळ संपत आली, समोरचे साहेब बोटानं खूण करताहेत. तेव्हा एक कामाचं सांगतो आणि उठतो. ज्यांची पोरं पाचवी ते दहावीत आहेत त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर पोराचं आधार कार्ड काढा. शाळेनं दिलेलं प्रगतिपत्रक शेजारी ठेवा. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. 'सुमित' आहे की 'सुमीत', 'पाटील' आहे की 'पाटिल'. चुकलं असेल तर ३० सप्टेंबरच्या आत दुरुस्त करून घ्या आणि शाळेच्या खिडकीवर नेऊन द्या. खिडकीवर कुणी नसेल तर व्हरांड्यात जरा थांबा. भाऊसाहेब बहुधा घंटा द्यायला गेले असतील.

नमस्कार.